सासूच्या खुर्चीतून: ठाण्यातल्या एका आयव्हीएफ (टेस्टट्यूब बेबी) क्लिनिकबद्दल

पाचपैकी चार तारे. कापलेल्या एका ताऱ्याचा हिशेब अजून मिटलेला नाही, तो शेवटी सांगते.

या क्लिनिकची मी पेशंट नव्हे. पेशंट माझी सून आणि माझा मुलगा. ‘आणि माझा मुलगा’ हे म्हणायला मला किती वेळ लागला ते पुढे येईलच. मी नुसती सोबत. पण चौदा महिने तिथल्या खुर्च्यांवर बसले, आणि वीज मंडळात सदतीस वर्षं काढलेल्या बाईला नुसतं बसता येत नाही. भिंतीवरच्या पाट्या वाचते, पावत्या तपासते, कोण आधी आलं आणि कोण आधी आत गेलं यावर डोळा ठेवते. म्हणून रिव्ह्यू मीच लिहायचा असं घरात ठरलं. सुनेच्या तीन अटी आहेत. क्लिनिकचं नाव नाही, घरच्यांची नावं नाहीत, आणि शेवटी काय झालं तेही नाही. “निकाल लिहिलात ना आई, तर लोक बाकीचं वाचणारच नाहीत.” ती बँकेत कर्जाच्या फायली बघते. माणसं कागदावर आधी काय शोधतात ते तिला माहीत.

जागा ठाणे पश्चिमेला, स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटं. जुनी इमारत, दुसरा मजला, चार माणसांची लिफ्ट. चौदा महिन्यांत दोनदा बंद सापडली. पार्किंगचा विचारही करू नका, रिक्षाने या. वेटिंगरूममध्ये तीन-तीनच्या स्टीलच्या खुर्च्या आहेत, एसटी स्टँडवर असतात तशा. अर्ध्या तासानंतर कंबर बोलायला लागते. मी दुसऱ्या खेपेपासून घरून उशी न्यायला लागले. टीव्ही आहे, आवाज बंद असतो, ते उत्तम. पाण्याचा कूलर आहे. त्या कूलरबद्दल माझी मोठी तक्रार आहे, पण ती नंतर.

एक गोष्ट पहिल्या दिवशी मला अपशकुनी वाटली होती. भिंतीवर एकाही बाळाचा फोटो नव्हता. मी सुनेला कोपराने ढोसून म्हटलं, “यांच्याकडे कुणाला झालेलंच दिसत नाही.” कारण त्याआधी आम्ही घोडबंदर रोडवरच्या एका चकाचक ठिकाणी जाऊन आलो होतो. तिथे भिंतभर बाळं होती. मोफत शिबिराची जाहिरात बघून गेलेलो. कॉफीचं मशीन, गुळगुळीत सोफे, आणि कोटावर ‘काउन्सेलर’ लिहिलेला, फ्लॅट विकल्यासारखा बोलणारा एक तरुण. सुनेचं रक्त काढलं. एएमएच, म्हणजे अंड्यांच्या साठ्याची तपासणी, १.९ आलं. लगेच त्याने चेहरा पाडला. अंडी झपाट्याने संपत चालली आहेत, आयव्हीएफच्या तीन सायकलचं, म्हणजे तीन खेपांचं, पॅकेज आजच्या आज घेतलं तर सूट देतो, म्हणाला. मुलगा शेजारी मोबाइल बघत बसला होता. त्याला कुणी एक प्रश्न विचारला नाही.

आणि मला ते अगदी बरोबर वाटलं. लग्न २०१९ चं. पहिली दोन-अडीच वर्षं करोनात आणि यांच्या ‘आत्ता नको’मध्ये गेली, पण त्यानंतर दोन वर्षं दोघं वाट बघत होती आणि काही होत नव्हतं. माझ्या डोक्यात फाइल केव्हाच बंद झालेली होती, शेरा मारलेला होता: दोष सुनेकडे. मुलगा सहा फुटी, दणकट, कधी तापाने आजारी पडला नाही. त्याच्यात काय असणार? मग मी माझे इलाज सुरू केले. बदलापूरच्या पुढे एक बाई पुड्या देते, तिच्याकडून तीन महिन्यांच्या पुड्या आणल्या. पपई घरात यायची बंद केली. पाय भिंतीला लावून झोप, म्हणून सांगितलं. दर रविवारी फोन करून “टेन्शन घेऊ नकोस, की आपोआप होईल” असं सांगायची. दर रविवारी. तिला टेन्शन यायला दुसरं कारण लागत नव्हतं.

त्या सुमारास माझ्या भाचीचं डोहाळजेवण होतं, डोंबिवलीला. मी सुनेला म्हटलं, “तू नको येऊस, उगाच बायका विचारत बसतील.” मी हे तिच्या भल्यासाठी म्हणते आहे असं स्वतःला पटवलं होतं. ती “बरं आई” म्हणाली. मी निघताना माझ्या साडीला फॉल नव्हता लावलेला, तो तिने बसून लावून दिला.

आता हे क्लिनिक. फेब्रुवारी २०२४ मध्ये पहिली भेट. डॉक्टर मॅडम पन्नाशीच्या, आवाज हळू, हातात हिरवं पेन. अर्धा तास नुसते प्रश्न. पाळी किती दिवसांनी येते, थायरॉइड तपासलंय का, आधी कुठली ऑपरेशनं, घरात कुणाला टीबी झाला होता का. मी मधेच म्हटलं, “खोकला आमच्याकडे कुणालाच नाही हो.” त्या म्हणाल्या, “काकू, टीबी गर्भनलिकेतही होतो, आणि तिथे झाला की खोकला येत नाही. आपल्या देशात नळ्या बंद होण्याचं ते एक मोठं कारण आहे.” मी गप्प.

पुड्यांचं सुनेनेच सांगितलं. मॅडमनी विचारलं, आत काय असतं? मला सांगता येईना. “मग बंद,” म्हणाल्या. “काय आहे ते माहीत नसलेलं औषध मी माझ्या पेशंटला देणार नाही, तुम्हीही देऊ नका.” एएमएचचा कागद त्यांनी बघितला आणि बाजूला ठेवला. त्याने अंड्यांच्या साठ्याचा अंदाज येतो, इंजेक्शनं दिली तर किती अंडी मिळतील हे साधारण कळतं. अंडी चांगली की वाईट ते त्यातून कळत नाही, आणि आपोआप दिवस राहतील की नाही हेही त्यावरून ठरत नाही. एकतिसाव्या वर्षी १.९ ला घाबरायचं कारण नाही.

मग खुर्ची फिरवून त्यांनी मुलाकडे बघितलं. “तुमची तपासणी?”

“मला काही प्रॉब्लेम नाही, मॅडम.”

“ते तुम्हाला कशावरून कळलं?”

याला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडे होतं. मी म्हटलं, “आमच्या घराण्यात असं कुणालाच नाही.” मॅडमनी माझ्याकडे बघितलंही नाही. त्यांनी पॅडवर लिहून दिलं: वीर्य तपासणी, आधी दोन ते सात दिवस संबंध नको. आठशे रुपये. “सगळ्यात स्वस्त, सगळ्यात सोपी, कुठे सुई नाही, आणि आपल्याकडे सगळ्यात शेवटी होते,” म्हणाल्या. “मूल न होणाऱ्या जोडप्यांत जवळजवळ निम्म्यांच्या बाबतीत पुरुषाचा काही ना काही वाटा असतो. हा रिपोर्ट आल्याशिवाय मी हिला हातसुद्धा लावणार नाही.”

या एका वाक्याला मी दोन तारे देते. घोडबंदरला पॅकेजचा आकडा अर्ध्या तासात सांगितला होता, आणि ज्याची तपासणी आठशे रुपयांत होते त्याला विचारलं नव्हतं. बिलात चूक असली की आम्ही आधी मीटर बघायचो. इथे मीटर न बघताच बिल काढलं होतं.

आता कूलर. नमुना देण्याची खोली त्या पाण्याच्या कूलरच्या अगदी शेजारी आहे. दरवाजा वेटिंगरूममध्येच उघडतो. म्हणजे माणूस हातात डबी घेऊन आत जातो आणि बाहेर वीस बायका पाणी पिण्याचं नाटक करत असतात. मला यातलं काही कळलं नव्हतं. मुलगा पाच मिनिटांत लाल चेहऱ्याने बाहेर आला आणि “जमत नाही” म्हणाला, तेव्हा कळलं. घरून आणायची सोय आहे, पण तासाभराच्या आत पोचलं पाहिजे, डबी खिशात अंगाच्या उबेला ठेवून. ते राहतात मानपाड्याला. सकाळी साडेनऊला मानपाड्याहून कापूरबावडी आणि माजिवडा ओलांडून तासाभरात इथे येऊन दाखवा. शेवटी तो आदल्या रात्री पाचपाखाडीला माझ्याकडे झोपला, सकाळी नमुना देऊन सात मिनिटांत क्लिनिकला पोचला. मी सकाळभर देवळात जाऊन बसले होते, घर रिकामं ठेवायला. साठीनंतर आपल्या मुलासाठी काय काय करावं लागेल याची मला कल्पना नव्हती. क्लिनिकने तो दरवाजा पलीकडच्या पॅसेजमध्ये काढावा, एवढंच म्हणते.

रिपोर्ट आला. एका मिलीलिटरमध्ये नव्वद लाख शुक्राणू. मी मनात म्हटलं, नव्वद लाख! भरपूर झाले की, एकच तर लागतो. मॅडमनी शेजारचा रकाना दाखवला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तकाप्रमाणे खालची मर्यादा एक कोटी साठ लाख. हालचाल करणारे निदान बेचाळीस टक्के हवेत, याचे चोवीस. “एका रिपोर्टवर मी काही ठरवत नाही,” म्हणून त्यांनी काही आठवड्यांनी पुन्हा करायला लावला. दुसराही तसाच. मग युरोलॉजिस्टकडे पाठवलं. डाव्या बाजूला व्हेरिकोसील निघालं, म्हणजे अंडकोषाच्या शिरा फुगलेल्या, पायाला व्हेरिकोज व्हेन्स होतात त्यातला प्रकार. माझ्या पायाला त्या आहेत, म्हणून मला ते लगेच समजलं. मुलाला समजायला वेळ लागला. तो दोन दिवस कुणाशी बोलला नाही. त्याच्या डोक्यात पौरुष आणि शुक्राणू एकच होते, आणि ते तिथे मीच घातले असणार. मॅडमनी त्याला एकट्याला बोलावून सांगितलं की याचा तुमच्या ताकदीशी, तुमच्या संबंधांशी काही संबंध नाही. जिमला जाता का, कुठली इंजेक्शनं घेता का, असंही विचारलं. बॉडी कमावायला बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं तर शरीर स्वतःचे शुक्राणू बनवणं थांबवतं. दिसायला पहिलवान आणि डबीत शून्य, अशी मुलं महिन्याला दोन-तीन येतात, म्हणाल्या. आमचा घेत नव्हता. सिगरेट ओढत होता, ते मला तिथे कळलं.

रिपोर्टच्या दिवशी परत येताना रिक्षात सून मधे बसली होती. मी तिला म्हटलं, “डोंबिवलीला तुला न्यायला हवं होतं मी.” ती म्हणाली, “कुठे?” मग आठवलं तिला. बाहेर बघत राहिली. तीन हात नाक्याच्या सिग्नलला म्हणाली, “फॉल नीट बसला होता ना?”

मी याहून जास्त लिहीत नाही. रिव्ह्यू क्लिनिकचा आहे.

मुलाचं ऑपरेशन झालं. शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, त्यामुळे कालच्या ऑपरेशनचा किंवा कालपासून सोडलेल्या सिगरेटचा परिणाम पुढच्या आठवड्यात बघायचा नसतो. थांबायचं. या थांबण्याच्या काळात क्लिनिकने आम्हाला एकदाही विनाकारण बोलावलं नाही. सुनेचं टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या तपासणीतला आकडा, थोडं वर होतं, त्याची एक गोळी सुरू झाली. गर्भनलिकांची एचएसजी झाली. त्यात रंगद्रव्य सोडून एक्स-रे काढतात. “थोडंसं दुखतं” असं सगळे सांगतात. मॅडमनी आधीच सांगितलं होतं, की बऱ्यापैकी दुखू शकतं, आधी गोळी घेऊन जा, आणि सोबतीला कुणी ने. सून परत येताना पायरीवर बसली. पण कुणी खोटं सांगितलं नव्हतं, त्यामुळे ती चिडली नाही. नळ्या मोकळ्या होत्या.

वेटिंगरूममधल्या माणसांबद्दल लिहायला हवं. शहापूरच्या बाजूचं एक जोडपं यायचं, पहाटे चारला निघून आसनगावहून लोकल धरून. त्यांचा नंबर दहाला. सहा वर्षांच्या मुलीला घेऊन येणारी एक बाई होती. मी तिला म्हटलं, तुला तर आहे की! ती म्हणाली, “सगळे हेच म्हणतात काकू. दुसऱ्याला पाच वर्षं झाली.” एक झालं म्हणजे पुढचं होणारच, हेही माझ्या ज्ञानात बसलेलं होतं. एक अडतीस वर्षांची शिक्षिका होती. तिला घरच्यांनी “दोन-तीन वर्षं वाट बघा” म्हणून ठेवलेलं. मॅडमचं गणित असं: पस्तिशीच्या आत वर्षभर प्रयत्न करून बघा, पस्तिशीनंतर सहा महिने, आणि मग सरळ या. एकदा एक गृहस्थ रिसेप्शनवर हळूच विचारत होते, मुलगाच होईल अशी काही सोय? रिसेप्शनच्या मुलीने काही न बोलता मागच्या पाटीवर पेन टेकवलं. गर्भलिंगनिदान केले जात नाही. १९९४ चा कायदा आहे. ते गृहस्थ पुन्हा दिसले नाहीत.

ऑगस्टअखेरचा रिपोर्ट एक कोटी तीस लाखांवर आला. मग दोन आययूआय झाल्या. गोळ्या, दोन-तीन सोनोग्राफ्या, अंडं फुटायचं इंजेक्शन, आणि वीर्य धुऊन त्यातले चांगले शुक्राणू नळीने गर्भाशयात सोडायचे. एका वेळेचे साडेनऊ हजार, सोनोग्राफी वेगळी. शक्यता शंभरात दहा ते पंधरा. मला हा आकडा ऐकून राग आला होता. एवढे पैसे आणि पंधरा? मॅडम म्हणाल्या, अगदी निरोगी तरुण जोडप्यालाही एका महिन्यात वीस-पंचवीसच असते. मी आयुष्यभर समजत होते की ती शंभर असते आणि ज्यांना होत नाही त्यांचं काहीतरी चुकतं.

दोन्ही वेळा पाळी आली. पहिल्यांदा गणपतीनंतर लगेच.

डिसेंबरात आयव्हीएफ. हा शब्द घरात आणायला मीच आडवी येत होते. माझ्या समजुतीत टेस्टट्यूब बेबी म्हणजे बाळ नळीतच वाढतं, आणि कुणाचं कुणाला घालतात ते देव जाणे. १९८६ साली नोकरीला लागून मला वर्ष झालं होतं, तेव्हा मुंबईच्या केईएममध्ये डॉक्टर इंदिरा हिंदुजांच्या हातून हर्षा जन्मली होती, देशातलं पहिलं टेस्टट्यूब बाळ म्हणून गाजलेली. सहा ऑगस्ट. ऑफिसात पेपर सगळ्यांच्या टेबलांवरून फिरला आणि आम्ही बायकांनी ठरवूनही टाकलं होतं की ती मुलगी वेगळीच दिसत असेल. ते अडतीस वर्षं डोक्यात तसंच राहिलं.

इथल्या लॅबमध्ये एक कोल्हापूरचा मुलगा आहे, एम्ब्रियॉलॉजिस्ट. त्याने मला स्क्रीनवर दाखवलं. नळी नाहीच मुळी, पसरट बशी असते. अंडं सुनेचं, शुक्राणू मुलाचा. याचे शुक्राणू कमी म्हणून बारीक सुईने एकेका अंड्यात एकेक सोडणार, त्याला इक्सी म्हणतात. पाच दिवस बशीत, आणि मग आईच्या पोटात. प्रत्येक बशीवर दोघांचं नाव आणि नंबर, आणि दर टप्प्याला दोन माणसं ते वाचून सही करतात. सहीचं रजिस्टर मी मागून बघितलं. दाखवलं.

इंजेक्शनं पोटात, रोज संध्याकाळी, दहा दिवस. सिस्टरने शिकवलं आणि देत होते मी. ती फ्रिजमध्ये दोन ते आठ अंशांत ठेवायची, बर्फाच्या कप्प्यात नाही. तिसऱ्या दिवशी मानपाड्याला वीज गेली. सदतीस वर्षं लोकांचे फोन घेतलेल्या बाईने तक्रारीचा फोन लावला आणि “लाइन व्यस्त आहे” ऐकलं. दीड तासाने आली. मला आणखी एक भीती होती, की इतकी अंडी एकदम काढली तर हिचा साठा संपून पाळी लवकर जाईल. मॅडमनी सांगितलं की त्या महिन्यात निघालेल्या अंड्यांपैकी एक मोठं होतं आणि बाकीची तशीही वाया जातात. इंजेक्शनाने ती वाया जाणारीच वाचवायची असतात.

ट्रिगरचं, म्हणजे अंडी पिकवायचं शेवटचं इंजेक्शन मंगळवारी रात्री अकराला, मिनिटसुद्धा इकडेतिकडे नाही, कारण अंडी गुरुवारी सकाळी साडेदहाला काढायची होती. दोघं बुधवारी रात्री माझ्याकडे मुक्कामाला. अकरा अंडी मिळाली. मला लॉटरी लागल्यासारखं झालं. कोल्हापूरच्या मुलाने रोज फोन करून ती उतरवली: अकरातली आठ पक्व, आठातली सहा फळली, पाचव्या दिवशी दोन गर्भ राहिले. तो म्हणाला, हे असंच होतं काकू, सगळ्यांचंच होतं. हा रोजचा फोन पॅकेजमध्ये धरलेला नाही, त्याचे वेगळे पैसेही नाहीत. यालाही तारा.

सुनेचं पोट फुगलं होतं, म्हणून लगेच गर्भ सोडला नाही. दोन्ही गोठवले. गोठवलेल्याचं काय होणार म्हणून मी पुन्हा तोंड वाकडं केलं. तर त्या मुलाने मला कोलकात्याच्या डॉक्टर सुभाष मुखोपाध्यायांची गोष्ट सांगितली. ३ ऑक्टोबर १९७८, जगातलं पहिलं टेस्टट्यूब बाळ इंग्लंडात झाल्यावर तीन महिन्यांच्या आत, आणि तेही गोठवलेल्या गर्भातून. त्यांच्या हातून दुर्गा जन्मली. सरकारी समितीने त्यांना खोटं ठरवलं, सरकारने बदल्या केल्या, १९८१ मध्ये त्यांनी जीव दिला. कितीतरी वर्षांनी मुंबईच्या डॉक्टर आनंदकुमारांनी, म्हणजे हर्षाच्याच गटातल्या शास्त्रज्ञांनी, त्यांचे कागद वाचून ‘पहिले तेच’ असं जाहीर केलं. स्वतःचा पहिला नंबर सोडून. मी हे ऐकताना उशी मांडीवर घेऊन बसले होते आणि आमचा नंबर पुकारलेला मला कळलाच नाही.

गर्भ सोडायचा दिवस जानेवारीत. मला दोन सोडायला हवे होते, खर्च एकदाच. मॅडमनी एकच सोडला. जुळी म्हणजे लवकर बाळंतपण, काचेच्या पेटीतले महिने, आईलाही धोका. आणि दहा मिनिटांत सुनेला उठवून चालायला सांगितलं! मी तर आडवीच पडले होते, म्हणजे शब्दशः दारात. तीन आठवडे गादीवरून हलू देणार नव्हते, आणि रिक्षात खड्डे. मॅडम म्हणाल्या, “काकू, संक्रांत आहे. गुळाच्या पोळीतला तीळ, रिक्षा आदळली म्हणून कधी बाहेर पडलाय का?” मी बाजूला झाले. त्यांनी आणखी सांगितलं की झोपून राहिल्याने फायदा होत नाही, कामावर जाऊ दे. गर्भाशयाचं अस्तर आधी खरवडून घ्यायचं का, असं मी विचारलं होतं, कारण घोडबंदरच्या यादीत तो पंधरा हजारांचा आकडा होता. त्यांनी हिरव्या पेनाने काट मारली. २०१९ साली तेराशेहून जास्त बायकांवर त्याचा अभ्यास झाला आणि खरवडलेल्या आणि न खरवडलेल्यांत काही फरक निघाला नाही.

एप्रिलमध्ये दुसरा गर्भ सोडला. जानेवारीचं आणि एप्रिलचं काय झालं, ते अटीत बसत नाही.

पैसे. आयव्हीएफ इक्सीसकट एक लाख अडुसष्ट हजार, इंजेक्शनं एकसष्ट हजार चारशे, गोठवणं पंचवीस हजार. इंजेक्शनं बाहेरून घ्यायला त्यांची हरकत नव्हती. गोखले रोडच्या केमिस्टने बारा टक्के सोडले. विमा मिळत नाही. मी पॉलिसीचं पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचलं, अपवर्जनांच्या यादीत सतरावा क्रमांक वंध्यत्वाचा आहे. विमा काढतानाच बघून ठेवा. संमतीपत्रं एकूण चौदा पानं. २०२१ च्या कायद्याप्रमाणे ती लागतातच. गर्भ जास्तीत जास्त दहा वर्षं ठेवता येतात, बाईचं वय पन्नासच्या वर आणि पुरुषाचं पंचावन्नच्या वर असून चालत नाही, वगैरे सगळं त्यात आहे. पण ती पानं इंग्रजीत. मी मराठी मागितली तर चौदापैकी तीन मिळाली. शहापूरचं जोडपं कशावर सही करतं, हा माझा प्रश्न मी सूचनापेटीत टाकला आहे. पेटीला कुलूप आहे आणि किल्ली कुणाकडे आहे ते रिसेप्शनला माहीत नाही.

आता तो तारा. एप्रिलच्या बिलात एक सोनोग्राफी आणि एक रक्ततपासणी दोनदा लागली आहे. साडेसातशे आणि अकराशे, एकूण एक हजार आठशे पन्नास. मी पावत्यांच्या झेरॉक्स लावून अर्ज दिला, पोच घेतली. अकाउंट्सच्या मुलीने चूक मान्य केली, पुढच्या आठवड्यात परत करते म्हणाली. याला पाच आठवडे झाले. मी मंगळवारी उशी घेऊन जाते आहे. पैसे मिळाले की तारा वाढवीन.